डब्यातलं गरम पाणी

बादलीत पाणी सोडलं की मावशी आधी कोपर बुडवायची. तळहातावर तिचा भरवसा नव्हता. जन्मभर राखेनं भांडी घासून आणि लाकडं फोडून आपल्या तळहाताला कोमट आणि कढत यातलं काही कळत नाही, असं ती स्वतःच सांगायची. कोपर बुडवून क्षणभर डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून नाय." मग सगळे थांबायचे. सगळे म्हणजे मी, डॉक्टरीणबाई, आणि पदराखाली बाळ धरून दाराशी उभी असलेली कुणीतरी बाळंतीण. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघायच्या. मावशी घड्याळाकडे कधीच बघायची नाही, तिला ते वाचता येत नव्हतं.

शहापूर-मुरबाडच्या बाजूला तुमचं नव्वद सालानंतर कधी जाणं झालं असेल, तर आमचा डबा तुम्ही पाहिला असेल. जीपच्या मागे जोडलेलं, पांढऱ्या रंगाचं, चाकांवरचं घर. कुणा श्रीमंत माणसानं सहलीला जायला हौसेनं बांधून घेतलं होतं. हौस फिटल्यावर त्यानं ते एका संस्थेला देऊन टाकलं, आणि संस्थेनं त्यात वाड्यापाड्यांवरच्या बायकांसाठी फिरता दवाखाना काढला. आत एक खाट, एक ओटा, भिंतीतलं कपाट आणि कपाटाएवढंच न्हाणीघर. न्हाणीघरात गिझर. संस्थेच्या कागदांवर त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. लोक 'डबा आला' म्हणायचे, म्हणून आम्हीही डबाच म्हणायला लागलो.

मी त्याची जीप चालवायचो, गोळ्या-औषधं द्यायचो आणि गावच्या नळाला डब्याचा पाइप जोडायचो. यातलं तिसरं काम सगळ्यात कटकटीचं होतं. गावोगावचे नळ सारखे नसतात. एका गावात नळाला आटे असायचे, दुसऱ्यात आटे झिजून गेलेले, तिसऱ्यात नळाची चावीच चोरीला गेलेली आणि तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली. माझ्या पिशवीत तऱ्हेतऱ्हेचे जोड, तार आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या असायच्या. शेवटी ट्यूबच कामाला यायची. ती आवळताना माझा चेहरा पाण्यानं आणि तोंड शिव्यांनी भरलेलं असायचं.

आणि नळ नुसता नळ नसतो. तो कुणाच्या तरी अंगणासमोर असतो. सरपंचाच्या दारातल्या नळाला पाइप लावला की निम्मं गाव डब्याकडे फिरकायचं नाही. देवळाजवळच्या नळाला लावला की कुणाला तरी बाळंतिणीचा विटाळ आठवायचा. मावशी उतरल्यावर आधी नळाकडे जायची आणि तिथं रांगेत बसलेल्या बायकांमध्ये जाऊन बसायची. कुणाची सून कितवी, कुणाची म्हैस आटली, अशा गप्पा चालायच्या. मी पाइप खांद्यावर घेऊन ताटकळत उभा. मग ती तिथूनच सांगायची, "डायवर, आधी यांच्या हंड्या भरू दे. मंग आपला पाइप." माझं नाव तिला चांगलं ठाऊक होतं. पण पहिल्या दिवशी ती मला डायवर म्हणाली आणि पुढे कधी बदल करावा असं तिला वाटलं नाही.

ती साठीला आलेली होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, आणि अंगानं अशी भरलेली की डब्यातल्या न्हाणीघरात एकदा शिरली की तिला वळता यायचं नाही. म्हणून ती बाहेरच उभी राहायची, दार उघडं ठेवायची आणि जुनं लुगडं आडवं बांधून मागून हात आत घालायची. आतल्या बाईला फक्त मावशीचे दोन हात दिसायचे. संस्थेत तिची नेमणूक आया म्हणून झालेली. त्याआधी तिनं आपल्या गावाकडे एका म्हाताऱ्या सुईणीच्या हाताखाली किती पोरं या जगात आणली याचा हिशोब तिनं ठेवला नव्हता, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "मोजली तर दिष्ट लागते."

आता आंघोळीचं कसं सुरू झालं ते सांगतो. पहिल्या वर्षी डबा कुठंही नेऊन उभा केला तरी पोरंच जमायची. डब्याच्या चाकांना हात लावायची, आरशात तोंडं बघायची. बायका लांब उभ्या. डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा कल्याणहून यायच्या, रक्तदाब मोजायचं यंत्र मांडून बसायच्या आणि दुपारी ते तसंच पेटीत ठेवायच्या. दवाखाना म्हटलं की सुई, सुई म्हटलं की ऑपरेशन, अशी वाडीवरची समजूत. ती त्यांनी मनानं काढलेली नव्हती, अनुभवानं बनलेली होती, असं डॉक्टरीणबाईच म्हणायच्या.

मुरबाडच्या पलीकडे, डोंगराला अगदी टेकलेल्या एका गावात एक बाळंतीण नळावर आली होती. बाळ आठवड्याभराचं. ती भिंतीला धरून चालत होती आणि तिला तपासायला चल म्हटलं की मागे सरत होती. मावशीनं तिच्या हातातली हंडी काढून घेतली.

"तपासायला नको येऊस गो," मावशी म्हणाली. "आंघोळीला ये."

ती आली. गिझर चालू होता, डॉक्टरीणबाईंना हात धुण्यासाठी. मावशीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत तेल लावलं आणि गरम पाण्याखाली बसवलं. बाळंतिणीला गरम पाणी हवं हे सगळ्यांनाच कळतं. पण पाणी नळावरून नाहीतर झऱ्यावरून आणायचं, लाकूड रानातून आणायचं, आणि घरात दुसरं बाईमाणूस नसेल तर हे दोन्ही त्या बाळंतिणीनंच आणायचं, अशी तिथली तऱ्हा. ती पोरगी पाण्याखाली बसली आणि रडायला लागली. मावशी पाठ चोळत राहिली, आणि चोळता चोळता बघत राहिली. पायाला सूज किती, अंगावरून किती जातंय, छातीत गाठ आहे का, टाक्याच्या जागी काय आहे. मग बाहेर येऊन हळूच डॉक्टरीणबाईंना म्हणाली की हिला ताप आहे आणि आत काहीतरी राहिलंय. न्हाऊन निघालेली बाई नाही म्हणत नाही. तिनं तपासू दिलं, त्याच दिवशी आम्ही तिला जीपमधून मुरबाडला नेलं, आणि ती वाचली.

तेव्हापासून आमचा दवाखाना असाच चालला. बाई आंघोळीला यायची, मावशी तिला न्हाऊ घालता घालता तपासायची, आणि डॉक्टरीणबाईंपुढे ती बसेपर्यंत निम्मं निदान झालेलं असायचं. कुणी ठरवून केलं नव्हतं. किन्हवलीच्या बाजूला तर पोटुशा बायकाही विचारायला लागल्या की आमाला कधी घालनार आंघोळ. एका गावात एका म्हातारीनं सुनेला आत सोडायच्या आधी स्वतः आत जाऊन गिझर खालून, वरून, बाजूनं तपासला. धूर नाही, राख नाही, आणि पाणी कढत, हे तिच्या पचनी पडेना.

"इस्तव कुठं हाय याच्यात?" तिनं विचारलं.

"तारंत," मावशी म्हणाली.

म्हातारीनं तारेला हात लावायला बोट पुढे केलं आणि मी मेन स्विचकडे धावलो. नंतर मावशी त्या म्हातारीलाही आंघोळ घालून मोकळी झाली. मी कुरकुरलो की पाणी संपत आलंय. मावशी म्हणाली की सासू न्हाली तर सून पुन्हा येईल. तिचं खरं ठरलं. सून आली, आणि पुढच्या खेपेला सासूही पुन्हा आली, तिला काहीही झालेलं नसताना.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात आम्ही सतत थकलेले असायचो. खडकाळ वाटांवर डबा मागून धक्के द्यायचा, पावसाळ्यात चिखलात रुतायचा, उन्हाळ्यात आत बसवायचं नाही. दिवस संपला की मावशी डब्याच्या पायरीवर बसायची आणि दोन्ही गुडघे हातांनी दाबत राहायची. "चल रे जिवा," ती मधूनमधून गुडघ्यांना सांगायची. गुडघे ऐकायचे नाहीत. मी एकदा तिला म्हणालो की आता घरी जाऊन पड जरा. ती उठली आणि डब्यातल्या खाटेवर जाऊन पडली. मलाच वाईट वाटलं.

तिचं घर किन्हवलीच्या पुढे एका गावात होतं. म्हणजे भावाचं घर. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूल झालं नाही, ती माहेरी परत आली आणि भावाच्या शेतात राबली. आता भाऊ म्हातारा झाला होता आणि घर भाच्यांचं आणि त्यांच्या बायकांचं होतं. तिथं तिची ट्रंक गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेली. वाईट वागवायचे असं नाही. सणाला गेली तर जेवायला वाढायचे आणि परत कधी जाणार ते विचारायचे. डब्यातल्या खाटेवर ती झोपायची, कपाटात तिची दोन लुगडी आणि देवीचा फोटो असायचा. डबा चालू आहे तोवर तिला कुणाला विचारून पाय पसरावे लागणार नव्हते. हे ती कधी बोलली नाही, पण मला ठाऊक होतं आणि डॉक्टरीणबाईंनाही. आणि संस्थेचं मन डब्यावरून उडत चाललंय हेही आम्हाला ठाऊक होतं. ठाण्याच्या ऑफिसातून निरोप आला होता की आता यावर नवा खर्च नाही. आतलं सगळं धड आहे तोवर फिरवा, काही मोडलं की डबा परत आणा.

आता पहिली आंघोळ जिथं झाली त्या डोंगराखालच्या गावाची गोष्ट. त्या गावाला दोन वस्त्या होत्या. वर शेतकऱ्यांची आळी, तिथं शाळा आणि नळ. खाली उतारावर ठाकरांची वाडी, तिथंही एक नळ, पण नावाला. विहिरीवरचा पंप चालू असेतो पाणी वरच्याच हंड्यांत जायचं. पंप बंद पडला की पाइपात उरलंसुरलं पाणी उताराला खाली जायचं आणि वाडीच्या नळाला थोडा वेळ धार यायची. वाडीवरच्या बायका म्हणून वीज जायची वाट बघत बसायच्या. त्या काळात भारनियमन सुरू झालेलं, सगळा तालुका विजेच्या नावानं खडे फोडायचा आणि ही एक वाडी वीज गेली की हंडे घेऊन धावायची.

आमच्या डब्याच्या तोंडाशी एक पितळी वॉल होता. पाणी आत यायचं, पण उलटं बाहेर जायचं नाही. मावशीनं एकदा मला त्याचा उपयोग विचारला. मी मोठ्या अभिमानानं सांगितला. ती म्हणाली की मग तो काढ.

मी तिला समजावलं की तो काढला तर पंप बंद पडल्याबरोबर आपल्या छपरावरच्या टाकीतलं, गिझरमधलं, सगळं पाणी उताराला खाली पळेल. ती म्हणाली तेच तर सांगतेय. दवाखाना आटपल्यावर आपल्या टाकीत पाणी शिल्लक राहतं, ते कुणाच्या काय कामाचं? गिझर आपण बंद करू आणि पाइप नळाला तसाच राहू देऊ. वरच्या आळीला कळणार नाही, कुणी भांडणार नाही, आणि खाली दोन-चार हंडे जास्त भरतील.

मी काढला वॉल. आजही काढीन. खालच्या बायकांनी नळाला पाणी जास्त वेळ टिकतं हे लगेच हेरलं आणि कारणही शोधून काढलं, कारण डबा गावात असला तरच ते टिकायचं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त डबा निघाला की त्यांच्यातली कुणीतरी मावशीच्या हातात करवंदं नाहीतर रानभाजीची जुडी ठेवून जायची.

वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मग माघातल्या एका सकाळी खालच्या वाडीतली एक पोटुशी आमच्यासमोरच आकडी येऊन पडली. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. आम्ही तिला उचलून जीपमध्ये घातलं, मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि मी मुरबाडपर्यंत जीप कशी चालवली ते मला आठवत नाही. पोरगी वाचली, मूलही वाचलं. आम्ही परत आलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि डब्यातून जळका वास येत होता.

मधल्या वेळात वीज गेली होती. टाकी आणि गिझर उताराला रिकामे झाले होते. मग वीज परत आली, पंप अजून कुणी चालू केला नव्हता, आणि गिझरचं बटण कुणीच बंद केलेलं नव्हतं. ते मावशीचं काम होतं. रोज न चुकता करायची. गिझर कोरडाच तापत राहिला, आतली कॉइल जळली आणि आतलं भांडं चिरलं. शहापूरच्या मिस्त्रीनं तो उघडून बघितला आणि पुन्हा बंद केला. म्हणाला, याला आता भंगारात घाला.

मावशी त्या दिवशी जेवली नाही. पायरीवर बसून राहिली. मी म्हणालो की चूक कुणाची नाही. ती म्हणाली, "चूक माझीच हाय. पन ती पोरगी मांडीवर होती रे."

डॉक्टरीणबाईंनी गिझरकडे नजर टाकली आणि हात वर केले. "हे मला सांगूच नका," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलं तर खोटं बोलता येत नाही." आणि त्यानंतर त्या न्हाणीघराच्या दाराकडे बघायच्याच नाहीत.

आम्ही उपाय करून पाहिले. बादलीत सोडायचा रॉड आणला, तो शॉर्ट होऊन आम्ही जिथून वीज घ्यायचो त्या शाळेचा फ्यूज उडाला आणि गुरुजी आमच्यावर उखडले. मग तीन दगड मांडले. पण डब्याबाहेर चूल पेटली की गावात बातमी, गावात बातमी की तालुक्यात, आणि तिथून ठाण्याला जायला वेळ लागत नाही. शेवटी तोडगा खालच्या वाडीनंच काढला. टाकी आपल्या नळानं कोरडी केली हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या गावात डबा असला की सकाळी प्रत्येक घरची चूल एक हंडा पाणी तापवायची. बायका ते डोक्यावर चुंबळ ठेवून, झाकून, चढ चढून आणायच्या. मी डब्यावर चढून ते टाकीत ओतायचो. टाकीला मावशीनं गोधडी गुंडाळली होती. नळ सोडला की पाणी गरमच यायचं. दुसऱ्या गावांत कुठं ओळखीच्या घरी, कुठं शाळेच्या खिचडीच्या चुलीवर असं कसंबसं भागवलं. बाया यायच्या, न्हायच्या, तपासून घ्यायच्या. काम थांबलं नाही, फक्त आमची दमछाक दुप्पट झाली.

असं पुढचा हिवाळा येईस्तोवर चाललं. मग ठाण्याचे साहेब डबा बघायला येणार असा निरोप आला. कुठं येणार ते आमच्यावर सोडलं होतं. मावशीनं डोंगराखालचं गाव सांगितलं.

त्या दिवशी खालच्या वाडीनं कमाल केली. कडाक्याच्या थंडीत घराघरातून वाफेचे हंडे वर आले. टाकी काठोकाठ भरली, गोधडीवर आणखी दोन गोधड्या चढल्या. वाडीतलीच एक पोर पाच दिवसांची बाळंतीण होती, पहिलटकरीण. घरात ती आणि नवराच, आणि नवरा वीटभट्टीवर गेलेला. बायकांनी पाणी आणलं ते तिच्यासाठी, आणि त्यातच साहेबांची तपासणीही उरकून जाईल असा एकंदर बेत. ती बाळाला फडक्यात गुंडाळून डब्याच्या सावलीत बसली होती. ऊन असूनही सावलीत, कारण उन्हात साहेबांची खुर्ची होती.

साहेब वाईट माणूस नव्हता. अंधारातच घरून निघालेला, उघड्या जीपमधून आलेला, डोळे लाल, नाक वाहतंय, भुवयांवर धूळ. त्यानं खाट बघितली, कपाट बघितलं, औषधांची पेटी बघितली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि धारेखाली हात धरला. पाणी इतकं छान गरम होतं की त्यानं हात काढलाच नाही. सोबत आणलेल्या कारकुनाला तो म्हणाला, सगळं ठीक आहे, तसं लिही. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंनीही श्वास सोडलेला मला ऐकू आला.

मग साहेब टॉवेल मागायला लागला. अंग ठणकतंय, कणकण आहे, एवढं गरम पाणी आहेच तर आंघोळच उरकून घेतो, असं तो मावशीला म्हणाला. गिझर चालूच आहे, मागून पुन्हा तापेल.

मी मावशीकडे बघितलं आणि मान हलवली. घेऊ दे त्याला. टाकी रिकामी झाली तर पोरीला उद्या घालू, परवा घालू. पाच दिवस थांबली, आणखी एक दिवस थांबेल. बायका कामाला पांगल्या होत्या, पुन्हा पाणी तापायला दिवस कलला असता हे खरं. पण एका आंघोळीपायी खाट, कपाट, पाय पसरायची जागा, सगळं कशाला घालवायचं? हे सगळं मी डोळ्यांनी सांगितलं आणि तिला सगळं कळलं. तिनं सावलीतल्या पोरीकडे बघितलं. पोरीचे ओठ थंडीनं काळपट झाले होते आणि ती आपल्याविषयीच काहीतरी चाललंय हे कळून उठून उभी राहिली होती, परत जायला.

"बस गो," मावशी तिला म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "साहेब, गिजर जळलाय. मागल्या सालीच जळला, माझ्या हातनं. हे पानी वाडीच्या बायांनी चुलीवर तापवून डोक्यावर आनलंय, त्या पोरीसाठी. तुमाला आंघोळ हवी तर मी दुपारी पानी तापवून देते. पन हे तिचं हाय."

साहेबानं ओला हात रुमालानं पुसला, खूप वेळ पुसत राहिला. "मावशी," तो म्हणाला, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"नाय सांगितलं तर तुमी न्हाला असता," मावशी म्हणाली.

तो बाहेर आला आणि डब्याच्या पायरीवर बसला. आत मावशीनं लुगडं आडवं बांधलं आणि पोरीला न्हाऊ घातलं, नेहमीसारखं, जराही घाई न करता. साहेब तोवर नाक पुसत बसून राहिला. जाताना त्यानं चहा घेतला. लिहिलेला कागद त्यानं खिशात ठेवला, पण त्यावर सही केली नव्हती.

थोड्याच दिवसांत डबा परत आणायचा हुकूम आला. साहेबाचा मला राग आला नाही. आपल्या हातात एवढंच आहे असं त्याला वाटलं असेल. डबा मी ठाण्याला सोडून आलो, आणि त्याआधी मावशीला तिच्या गावी. तिची दोन लुगडी, फोटो आणि तेलाची बाटली एका पिशवीत मावली. भाच्याच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि मावशीला विचारलं, किती दिवस? मावशी म्हणाली, "बघू." आणि ती गोठ्याच्या बाजूला गेली, ट्रंक उतरवायला. मी मदत करायला उठलो, तर म्हणाली, "डायवर, तू निघ. घाटात अंधार होईल." मी निघालो. वाटेत सापगावला थांबून चहा सांगितला आणि तो तसाच टाकून निघालो.

त्यानंतर मला संस्थेनं दुसऱ्या कामावर घातलं. मी तिला एकदाच भेटायला जाऊ शकलो. ती पडवीत बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. अंगानं निम्मी झाली होती. तक्रार काही नाही. तिनं त्या वाडीतल्या पोरीचं बाळ बसायला लागलं का ते विचारलं, आणि ते मला ठाऊक नव्हतं. कळलं की सांगायला येतो म्हणालो.

ते राहून गेलं. पुढच्या पावसाळ्यात किन्हवलीच्या एका माणसाकडून समजलं की मावशी गेली. मी पोचलो तेव्हा दहावाही होऊन गेला होता. पडवी सारवलेली होती आणि तिथं खतांची पोती रचलेली होती. भाच्यानं नीट बसवलं, दोन दिवसांच्या तापात गेली म्हणाला. मी हात जोडून निघालो.

डोंगराखालच्या गावात मी दिवाळीनंतर गेलो, दुसऱ्याच कामासाठी. जीप वर उभी केली आणि उतरून खालच्या वाडीत गेलो, कारण कुणीतरी सांगायला हवं होतं. ती पोर दारातच होती. कडेवर मुलगी, चांगली खेळती झालेली. चार बायका जमल्या. मावशी गेली म्हणून सांगितलं. रडल्या नाहीत, पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मग त्या पोरीनं विचारलं,

"आंघोळ कोनी घातली तिला?"

मला काय ठाऊक. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

"घरच्या बायकांनी," मी म्हणालो.

"गरम पान्यानं?"

"गरम पाण्यानं," मी म्हणालो. "भरपूर होतं."